जुनी चावीची घडी, फर्स्ट कॉपी अन् विकणारा: नवीन माणसाचे नेहमीचे प्रश्न

आमच्या आबाजीनं एका सालच्या कापसाच्या चुकाऱ्यातून एचएमटी जनता ही घडी घेतली होती. त्यांच्या माघारी ती कितीतरी वर्षं पेटीत बंद पडून होती, मी तालुक्याच्या घडीसाजाकडे नेली, त्यानं दोन दिवस ठेवून घेतली, खोलून धुतली, तेल दिलं अन् कानाला लावून दिली. तो आवाज ऐकला अन् मी या नादाला लागलो. मग हौसेनं एचएमटीचीच एक पायलट नावाची घडी ऑनलाइन मागवली, जुना पण न वापरलेला माल आहे असं लिहून होतं, १८०० रुपये दिले, अन् त्याच घडीसाजानं झाकण उघडून दाखवलं तेव्हा समजलं की डायल नुकताच रंगवलेला आहे, काटे दुसऱ्याच घडीचे आहेत अन् आत मशीनवर गंज आहे. त्या पैशाचं वाईट वाटलंच, पण जास्त वाईट याचं वाटलं की एवढ्या चांगल्या घडीची कोणीतरी अशी गत केली होती.

तेव्हापासून गावातले, सोयऱ्यातले पोट्टे घडी घ्यायच्या आधी मला फोटो पाठवतात अन् प्रश्न जवळपास तेच असतात. ते सगळे इथं लिहून काढलेत, जसे विचारले गेले तसेच.

भाऊ, रेप्लिका, फर्स्ट कॉपी, रीडायल, होमाज, फ्रँकन, हे सगळं एकच आहे का?

नाही, अन् इथंच नवीन माणूस गडबडतो, म्हणून हे आधी नीट समजून घ्या.

फर्स्ट कॉपी किंवा रेप्लिका म्हणजे ज्या कंपनीनं घडी बनवलीच नाही तिचं नाव डायलवर छापून विकलेली घडी. मास्टर क्वालिटी, सेव्हन ए, ट्रिपल ए, काहीही म्हणा, ती नकलीच. होमाज म्हणजे दुसऱ्या नामी घडीसारखी दिसणारी पण स्वतःचंच नाव लावलेली, तिच्यात फसवणूक नाही, पसंत पडली तर खुशाल घ्या. रीडायल म्हणजे घडी खरी, मशीनही खरं, पण डायल पुसून पुन्हा रंगवला, छापला. अन् फ्रँकन म्हणजे चार घड्यांचे अवयव जोडून केलेली एक घडी, डायल एकीचा, काटे दुसरीचे, केस म्हणजे बाहेरची डबी तिसरीची.

रीडायल घेणं गुन्हा नाही, वाईटही नाही, विकणाऱ्यानं रीडायल म्हणून सांगून त्या भावात दिली तर. भांडण तेव्हा आहे जेव्हा रंगवलेली घडी ओरिजिनल म्हणून गळ्यात मारतात.

दोन हजारात रोलेक्ससारखी घडी मिळून राहिली, लग्नात घालाले घेतली तर काय बिघडते?

मी कोणाचा हात धरत नाही पण घेऊ नका असंच सांगीन. एक तर नकली मार्का लावून माल विकणं हा ट्रेड मार्क्स कायदा १९९९ खाली गुन्हा आहे, विकणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षं कैद अन् ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. त्यामुळे असा धंदा करणारा माणूस पक्कं बिल देत नाही, दुकानाचा पत्ता देत नाही, नंबर बदलत राहतो, अन् घडी चार महिन्यांनी बंद पडली की तुम्ही कोणाच्या दारात जाल?

दुसरं म्हणजे वस्तू म्हणूनच ती कमजोर असते. स्वस्त कॉपीत डायलवर जे तीन छोटे गोल दिसतात ते कितीतरी वेळा नुसते छापलेले असतात, काटे चिकटवलेले, हलतच नाहीत. वरचा सोनेरी मुलामा आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या घामानं लवकर उतरतो, काही जणांच्या मनगटावर खाज येऊन काळे चट्टे पडतात. अन् दुरुस्तीला नेली तर घडीसाज हात जोडतो काहून की त्या मशीनचे पार्टच मिळत नाहीत. डायलवर स्विस मेड लिहिलंय म्हणून भुलू नका, २०१७ पासून स्वित्झर्लंडचा नियम असा आहे की घडीच्या उत्पादन खर्चातला किमान ६० टक्के हिस्सा तिथला असला पाहिजे तरच ते दोन शब्द लिहिता येतात. दोन हजाराच्या घडीत ते कसं बसणार, तुम्हीच हिशोब करा.

नवरदेवाच्या हातात खरी एचएमटी असावी, जुनी असली तरी. हे माझं मत आहे अन् मी त्यावर ठाम आहे.

मग तेवढ्याच पैशात नवीन माणसानं कोणती घ्याव?

पहिली घडी एचएमटी जनता घ्या, डोळे झाकून नाही, नीट पाहून. कारण साधं आहे, ती सगळीकडे मिळते, पार्ट मिळतात, अन् म्हाताऱ्या घडीसाजांना तिचं मशीन तोंडपाठ आहे.

थोडा इतिहास सांगतो कारण तो माहीत असला की लबाडी पकडायला कामी येतो. एचएमटी म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, ही सरकारी कंपनी १९५३ ची, बंगलोरची. मशीनं बनवणारी कंपनी. १९६१ मध्ये तिनं जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून घड्याळाचा कारखाना काढला अन् पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते बाहेर आली. पुढे तुमकूर, रानीबाग, श्रीनगर इथंही कारखाने झाले. जनता, पायलट, जवान, सोना, कोहिनूर, झलक ह्या चावीच्या, कांचन अन् रजत ह्या ऑटोमॅटिक, म्हणजे हात हलला की आपोआप चावी बसणाऱ्या, बायकांसाठी सुजाता. आंधळ्या माणसासाठी ब्रेलची घडीसुद्धा केली होती, काच उघडून बोटानं काटे चाचपायचे. आपल्या बापाआबाच्या पिढीला लग्नात घडी मिळाली तर ती बहुतेक एचएमटीच असायची, ज्याच्या घरी ती होती त्याला विचारून पाहा, तारीख सांगतील.

पायलटच्या मागे नवीन माणसानं लगेच लागू नये. काळा डायल अन् फौजी आकडे म्हणून तिला गिऱ्हाईक लय, अन् जिथं गिऱ्हाईक तिथं रंगवणारे. सोनाचंही तसंच, डायल इतका साधा आहे की पुन्हा छापायला सोपा.

कंपनी बंद झाली म्हणतात, मंग ऑनलाइन नवीकोरी एचएमटी कशी काय दिसते?

एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली. मूळची एचएमटी लिमिटेड मात्र आहे अन् एचएमटी नावाची घड्याळं तिच्याकडून आजही विकली जातात, बंगलोरला त्यांचं म्युझियमही आहे. म्हणून नवीन एचएमटी दिसली की ती खोटीच असं नाही. नवीनच पाहिजे असेल तर सरळ कंपनीकडून घ्या, मधल्या माणसाचं कामच नाही.

पण कोणी सांगत असेल की माझ्याकडे १९७० ची कोरी, कधीच न घातलेली पायलट आहे, हजार रुपयात देतो, अन् पाहिजे तर अशा पन्नास देतो, तर थांबा. पन्नास वर्षं डब्यात राहिलेल्या पन्नास घड्या एका माणसाकडे कुठून आल्या? अन् त्यातल्या नारंगी, पोपटी, जांभळ्या डायलच्या कुठून आल्या?

डायल रंगवलेला आहे हे कसं ओळखाव?

ह्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे. घडीसाजाकडे असते तसं डोळ्याला लावायचं भिंग घ्या, महाग नसते. ते नसलं तर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं जवळून फोटो काढून मोठा करून पाहा.

पहिले अक्षरं पाहा. कारखान्याची छपाई बारीक अन् धारदार असते, अक्षराच्या कडा कापल्यासारख्या, १७ ज्वेल्सचा आकडा (ज्वेल्स म्हणजे काय ते पुढे सांगतो) अन् खाली छापलेला इंडिया हा शब्द, सगळं मधोमध. रंगवलेल्यात अक्षरं जाड, शाई पसरलेली, एखादं अक्षर थोडं वर एखादं खाली, मिनिटाच्या रेघा बाराच्या आकड्याशी नीट जुळत नाहीत. माझ्या त्या पायलटमध्ये पाचचा आकडा सहापेक्षा किंचित मोठा होता, मला तेव्हा दिसलंच नाही.

मग रंगाची जाडी. तिरकं धरून उजेडात पाहिलं तर रंगवलेल्या डायलवर ब्रशचे किंवा फवाऱ्याचे बारीक दाणे दिसतात, धूळ अडकलेली दिसते, अन् तारखेच्या खिडकीच्या कडेला किंवा काट्याच्या मधल्या छिद्राभोवती रंग साचलेला असतो. कारखान्यात ती कड साफ असते.

मग चमक. अंधारात चमकणारा हिरवा मसाला आकड्यांवर असतो ना, चाळीस पन्नास वर्षांच्या घडीत तो पिवळा, मळका, विझलेला असायला पाहिजे. घडी जुनी सांगतात अन् रात्री आकडे टॉर्चसारखे चमकतात, तर मसाला नवीन आहे. काटे मळके अन् आकडे ताजे, किंवा उलटं, म्हणजे दोन्ही एकत्र म्हातारे झालेले नाहीत.

काट्यांची लांबी पाहा. मिनिटाचा काटा मिनिटाच्या रेघेपर्यंत पोचला पाहिजे, अर्ध्यातच संपत असेल तर तो दुसऱ्या घडीचा आहे.

अन् एक गोष्ट लोक उलटी धरतात. डायलवर थोडे डाग, कडेला पिवळसर वलय, एखादं अक्षर फिकं, हे वाईट नाही, उलट तोच पुरावा आहे की ती घडी खरंच कोणाच्या हातात राहिली आहे. आपल्या भागातली घडी तर अशीच असणार, वावरातली धूळ अन् जिनिंगमधला कापसाचा तूस बारीक फटीतून आत जातोच. केस घासलेली, पट्टा फाटलेला, अन् डायल मात्र आरशासारखा, असं असेल तर शंका घ्या.

झाकण उघडल्यावर आत काय पाहाव? मले तर सगळी चाकंच दिसतात.

चाकंच दिसू द्या, फक्त चार गोष्टींकडे लक्ष ठेवा.

मशीनवर कंपनीचं नाव अन् ज्वेल्सचा आकडा कोरलेला असतो. डायलवर १७ ज्वेल्स अन् आत दुसरंच काही, तर तिथंच सोडा. ते ज्वेल्स म्हणजे कारखान्यात तयार केलेले माणकाचे लाल खडे, चाकांच्या दांड्या ज्यात फिरतात तिथं घर्षण कमी व्हावं म्हणून बसवतात. पैशानं किंमती नसतात, पण जुन्या चावीच्या घडीत १७ म्हणजे पूर्ण मशीन.

गंज पाहा. चावी, म्हणजे बाजूचं फिरवायचं बटण, जिथून आत जाते त्या बाजूला तांबूस डाग असतील तर पाणी गेलेलं आहे. थोडा डाग चालतो, पण दात खाल्लेलं चाक चालत नाही.

स्क्रूच्या खाचा पाहा. खाचा फाटलेल्या, मशीनवर ओरखडे, म्हणजे कच्च्या हातानं कितीदा तरी खोललेली घडी.

बॅलन्स पाहा. ते मोठं चाक जे इकडून तिकडे फिरत राहते. मोकळं, भरभर, एकसारखं फिरलं पाहिजे. अडखळत असेल तर कधी बाल कमान, म्हणजे त्या चाकाची केसासारखी बारीक स्प्रिंग, वाकलेली असते, कधी नुसतं तेल सुकलेलं असते, हे घडीसाजच सांगू शकतो. जनताच्या मशीनचे तासाला १८००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच, म्हणून सेकंद काटा बारीक बारीक पावलं टाकत पुढे जातो. ऑटोमॅटिक म्हणून विकली अन् काटा सेकंदाला एकदाच टक करून उडी मारत असेल तर आत सेल आहे, बस, पुढं काही पाहायची गरज नाही.

घडी लांब आहे, फोटोवरच घ्याची आहे. काय काय मागाव?

डायलचा समोरून अन् तिरका फोटो, काच पुसून. मागच्या झाकणाचा, त्यावरचे नंबर वाचता येतील असा. झाकण उघडून मशीनचा. चावीच्या बाजूचा. अन् एक छोटा व्हिडिओ ज्यात घडी चालत आहे, चावी ओढून काटे फिरवून दाखवले आहेत, अन् शेजारी कागदावर आजची तारीख अन् तुमचं नाव पेननं लिहिलेलं आहे. हा कागद फार महत्त्वाचा, त्यानं समजते की घडी खरंच त्याच्या हातात आहे, दुसऱ्याचे फोटो उचललेले नाहीत.

हे मागितल्यावर विकणारा चिडला, अन् घ्याची असेल तर घ्या नाहीतर दुसरे दहा गिऱ्हाईक उभे आहेत म्हणाला, तर त्या दहांना घेऊ द्या.

विकणारा चांगला आहे हे कसं कळते?

मी सुरुवातीला गोड बोलण्यावर जायचो, किती फॉलोअर आहेत ते पाहायचो, फोटो किती भारी आहेत ते पाहायचो. आता एकच पाहतो, तो स्वतःहून दोष सांगतो का.

माझ्याकडे आता जी कोहिनूर आहे ती ज्याच्याकडून घेतली तो माणूस अमरावतीकडचा. मी फोन केला तेव्हा त्यानं भावाच्या आधी सांगितलं, बाप्पा, डायल ओरिजिनल आहे पण काच मी नवीन टाकली आहे, चावी पण कंपनीची नाही, अन् दिवसाला मिनिटभर मागे पडते, सर्व्हिसिंग केली नाही, करून पाहिजे असेल तर तेवढे पैसे वेगळे. घडी आली तेव्हा त्यानं सांगितलं तेवढंच निघालं, ना कमी ना जास्त. त्याच्याकडून नंतर मी तीन घेतल्या अन् कितीतरी लोकांना त्याचा नंबर दिला.

म्हणून फोनवर हे विचारा: डायल मूळचा की रंगवलेला, काटे अन् चावी मूळची का, शेवटचं तेलपाणी कधी केलं, दिवसाला किती मागेपुढे होते, अन् नाही आवडली तर किती दिवसांत परत घेता. उत्तर बोलण्यात घेऊ नका, मेसेजवर लिहून घ्या. सगळं एक नंबर आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ, हे उत्तर नाही. मला माहीत नाही, मी स्वतः खोलून पाहिली नाही, हे मात्र चांगलं उत्तर आहे, निदान खरं आहे.

अजून एक. त्याच्याकडच्या बाकीच्या घड्या पाहा. दहातल्या आठ चमकदार, सगळ्यांची छपाई एकाच हातची, तर तो रंगवणाऱ्याकडून माल उचलतो. अन् जो विकणारा स्वतः दुरुस्ती करतो किंवा ज्याचा घडीसाज ठरलेला आहे त्याला मी नेहमी वरचा नंबर देतो, काहून की घडी बिघडली तर पाठवायला जागा राहते.

आठवडी बाजारात जमिनीवर मांडून विकतात तिथून घ्याव का?

शिकायला जा, हातात घेऊन पाहायला मिळते, ही फार मोठी गोष्ट आहे. घ्यायची तर शंभर दोनशेची, बंद पडलेली, पार्टसाठी. नागपूरला सीताबर्डीत किंवा मुंबईच्या चोरबाजारात गेलात तरी तेच, भिंग सोबत न्या अन् पहिल्या फेरीत खिशात हात घालू नका. सगळ्यात चांगला माल मला कुठं मिळाला सांगू का, तालुक्याच्या जुन्या घडीसाजाच्या खणात. लोक दुरुस्तीला टाकतात अन् वर्षानुवर्षं न्यायला येत नाहीत. मालक परत आला तर काय, हे मात्र त्याला आधी विचारा, दुसऱ्याच्या बापाची आठवण आपल्या हातात नको.

भाव किती असाव?

मी गेल्या काही वर्षांत चालू हालतीतली, मूळ डायलची जनता हजार ते दोन हजाराच्या आत घेतली आहे, पायलटला त्याहून जास्त मोजले. रंगवलेल्या घडीला मी हजाराच्या वर जात नाही. भाव वरखाली होतात, म्हणून घ्यायच्या आधी महिनाभर नुसतं पाहत राहा, काय कितीला गेली ते वहीत लिहा, महिन्याभरात अंदाज बसतो. अन् सर्व्हिसिंगचे पैसे भावात धरूनच चाला, आमचा घडीसाज ४०० घेतो.

पैसे आधी टाकू का? गावात कुरिअर येत नाही.

ही आपली खरी अडचण आहे, शहरातल्या लोकांना समजत नाही. आमच्या पिनकोडला कितीतरी कुरिअर येत नाहीत, म्हणून पार्सल तालुक्याच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर किंवा स्पीड पोस्टनं मागवा. पहिल्या व्यवहारात माल हातात पडल्यावर पैसे, नाहीतर छोटी रक्कम आधी अन् बाकी नंतर. ओळख झाली की मग पूर्ण टाका. पार्सल फोडताना सुरुवातीपासून व्हिडिओ काढा, डबा बंद दिसला पाहिजे, मध्ये कापलेला व्हिडिओ उपयोगाचा नाही.

अन् हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे घ्यायला कधीच यूपीआयचा पिन लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही. तुमचे पैसे परत करतो, हा कोड स्कॅन करा अन् पिन टाका, असं कोणी म्हणलं तर तो तुमचेच पैसे ओढून राहिला आहे.

फसलो भाऊ. आता?

आधी रागावून मेसेज करू नका, त्यानं ब्लॉक केलं तर पुरावा जातो. सगळ्या गप्पांचे, जाहिरातीचे, पैशाच्या पावतीचे स्क्रीनशॉट काढा. ऑनलाइन पैशाची लुबाडणूक झाली असेल तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० वर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. माल आला पण सांगितला तसा नाही, अन् दुकानदार ऐकत नाही, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथं मराठीतही बोलता येते. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मी त्या पायलटच्या वेळी यातलं काहीच केलं नाही, मला माहीतच नव्हतं, म्हणून इथं मुद्दाम लिहितो.

सिको फाइव्ह जुनी मिळून राहिली, निळ्या डायलची, एकदम नवी दिसते. घेऊ का?

जपाव लागते. जपानच्या सिको कंपनीचं ७००९ हे ऑटोमॅटिक मशीन फार मजबूत, म्हणूनच त्यावर रंगवलेले डायल लावून ढिगानं विकतात. पण सिकोमध्ये पकडायला एक चांगली सोय आहे. मागच्या झाकणावर मॉडेलचा नंबर असतो, ७००९ नं सुरू होणारा, अन् डायलच्या अगदी खालच्या कडेला मशीनचा नंबर डोळे ताणूनच दिसेल इतक्या बारीक अक्षरात छापलेला असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. रंगवणारा ती बारीक ओळ कितीदा टाकतच नाही, किंवा टाकतो तर ती वाचता येत नाही. झाकणावरच्या सिरियल नंबरचा पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असतो अन् दुसरा महिन्याचा, म्हणजे विकणारा जे साल सांगतो ते खरं की नाही तेही तपासता येते.

लेकराले कॅसिओची ती काळी चौकोनी घ्याची आहे, ती पण नकली येते का?

येते. एफ ९१ डब्ल्यू, १९८९ पासूनची. उजव्या बाजूचं बटण तीन सेकंद दाबून धरा, पडद्यावर कॅसिओ असं नाव उमटते. नकलीत बहुतेक उमटत नाही. तरी पक्क्या दुकानातून बिल घेऊनच घ्या, पैशात फार फरक नाही.

आईसाठी बायकांची चावीची घडी चांगली राहील का?

सुजाता सुंदर घडी आहे, पण मशीन बारीक असते, दुरुस्त करणारा हात कमी मिळतो. आधी तुमचा घडीसाज करतो का ते विचारा, मगच घ्या.

रोज घालाले काय काळजी घ्याव?

रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, तीसेक फेरे होतात, हाताला अडलं की थांबा. पूर्ण चावीवर साधारण दीड दिवस चालते. तारखेची घडी असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या मध्ये तारीख बदलू नका, आतले दात तारीख फिरवायच्या कामाला लागलेले असतात, तुटतात. दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे म्हणजे चांगली चालते. एकाएकी लय पुढे पळायला लागली तर बहुतेक चुंबक लागलंय, मोठ्या स्पीकरजवळ ठेवली असेल, घडीसाज मिनिटात उतरवून देतो.

फवारणीला, डवरणीला, थ्रेशरवर घालू नका. या घड्यांना पाण्याचं संरक्षण नाही असंच धरून चाला. प्लास्टिकच्या काचेवरचे बारीक ओरखडे साध्या टूथपेस्टनं मऊ कपड्यावर घासले की जातात, काच बदलायची घाई करू नका.

आमच्या बुढ्याची बंद जनता घरी आहे. एक जण म्हणते पाचशे देतो, नाहीतर डायल रंगवून नवी करून देतो. काय करू?

दोन्ही नका करू. डायलला हात लावू देऊ नका, एकदा पुसला की तो परत येत नाही, तुमच्या बापाच्या हातातला तो पिवळेपणा पण जातो. घडीसाजाला फक्त एवढंच सांगा, मशीन धुवा, तेल द्या, काच साफ करा, डायल अन् काटे जसे आहेत तसेच ठेवा, अन् जो पार्ट बदलाल तो जुना पार्ट पुडीत बांधून परत द्या. आमच्या आबाजीची मी तशीच करून घेतली. बाराच्या आकड्याशेजारी एक छोटा डाग आहे, तो अजून तिथंच आहे.